यादीतलं चौथं नाव

सात डिसेंबरचा इतिहास मला झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येतो. दर्यापूरच्या एका शाळेत मी सत्तावीस वर्षं शिकवलं, आणि दरवर्षी ध्वजदिनाचं भाषण माझ्याच गळ्यात पडायचं. मुख्याध्यापक बदलले, माईक बदलला, भाषण तेच राहिलं. इंग्रजांच्या काळात नोव्हेंबरात महायुद्धातल्या मेलेल्यांच्या आठवणीसाठी कागदाची लाल फुलं विकत. स्वातंत्र्यानंतर दोन वर्षांनी आपल्या सरकारने ठरवलं की आपल्या सैनिकांसाठी आपला दिवस हवा, आणि सात डिसेंबर नक्की झाला. बोटभर कागदी झेंडे, त्यावर तीन रंग. लाल भूदलाचा, गडद निळा नौदलाचा, फिका निळा हवाई दलाचा. ते टाचणीने छातीला लावायचे आणि डब्यात जमेल ते टाकायचं. हे सगळं कोणासाठी, तर जे लढताना गेले त्यांच्या मागे राहिलेल्या माणसांसाठी.

एवढं झालं की मागच्या रांगेतून प्रश्न ठरलेला. "मॅडम, मंग सुट्टी काहून नाई?"

मी म्हणायचे, "सुट्टी दिली तर तू गोधडीत लोळशील, झेंडा कोण लावील?" पोरं हसायची, मी हसायचे, घंटा व्हायची. मागे राहिलेली माणसं हे शब्द मी सत्तावीस वेळा उच्चारले असतील. तशा माणसांपैकी एक माझी सख्खी थोरली बहीण होती, आणि तरी मला माझंच बोलणं ऐकू आलं नाही. तोंडाचा पट्टा चालू असला की कान बंद राहतात, हा माझा जन्माचा रोग आहे.

अक्का दर्यापूरपासून दहा-बारा किलोमीटरवरच्या गावात दिली होती. भाऊजी फौजेत. लग्नात बायांनी फारच मागे लागून उखाणा घ्यायला लावला तेव्हा तिने त्यांचं नाव एकदा घेतलं, तेवढंच. पुढे कधीच नाही. घरात "हे", बाहेर "आमच्या पोरीचे बाबा". तिने जे नाव जन्मभर जपून ठेवलं ते मी इथे लिहिणार नाही. एकदा नको तिथे घेतलं आहे, तेवढं पुरे.

भाऊजींची चौकी वर उत्तरेकडे बर्फात होती. एका हिवाळ्यात बर्फाचा कडा सुटला आणि चौकीतली पाच माणसं त्याखाली गेली. चार सापडली. भाऊजी सापडले नाहीत. माझी भाची तेव्हा तिसरीत होती. आधी बेपत्ता असल्याचा कागद आला, काही वर्षांनी मृत समजत असल्याचा. अक्काने दोन्ही कागद पेटीत भाऊजींच्या स्वेटरखाली ठेवले आणि कपाळावरचं रुपयाएवढं कुंकू तसंच ठेवलं. गावात कुजबुज झाली. पण मुडदा पाहिल्याशिवाय बाईचं कुंकू पुसायला सांगायची कोणाची छाती झाली नाही.

आणि ती गडवा ठेवायला लागली.

आमच्या वऱ्हाडात बाहेरून आलेल्या माणसाच्या हातात आधी पाणी द्यायचं. बस म्हणणं नंतर, कसा काय आलास ते नंतर. भाऊजी सुट्टीवर यायचे तेव्हा अक्का पितळी गडवा, म्हणजे तांब्या, भरून ओट्यावर उभी असायची. ते पाठीवरची पेटी खाली न ठेवताच गटागटा गडवा रिकामा करायचे, आणि उरलेलं पाणी तोंडावर मारून म्हणायचे, "आता घरी आलो." तोच गडवा ती रोज दिवेलागणीला भरून ओट्यावर ठेवू लागली, वर पेला पालथा. सकाळी उठली की आत बोट बुडवून पाणी किती उतरलं ते बघायची आणि मग ते कडुनिंबाला घालायची.

तिचं गाव खारपाण पट्ट्यातलं. विहिरीचं पाणी एवढं खारं की डाळ शिजायची नाही. नळाला गोडं पाणी आठवड्यातून एखाद्या दिवशी, तेही मनात आलं तर. मी गेले की मला चहा खाऱ्या पाण्याचा, आणि ओट्यावरच्या गडव्यात मात्र गोडं. माझा जळफळाट व्हायचा.

"जित्या बहिणीले खारं, अन् तिकडं गोडं?" मी एकदा म्हणालेच.

"तू रोज नळाचं पेतं," ती म्हणाली. "थो किती दिसाचा तहानलेला असन."

सकाळी ती गडव्यात बोट घालून मला दाखवायची. "पाह्य, दोन बोटं कमी झालं." मी म्हणायचे, अगं वाफ होते, मांजर पितं, चिमण्या पितात. ती शांतपणे म्हणायची, "पेला पालथा हाय न वर." मग माझ्या अंगावर काटा यायचा, आणि काटा आला याचाच मला राग यायचा. इतिहास शिकवणारी बाई मी, आणि पितळी भांड्याला घाबरते. नंतर नंतर मी मुक्कामाला जायचंच टाळू लागले. शाळेतून परस्पर जीपने जायचं, संध्याकाळच्या आत निघायचं.

आता माझ्या त्या चुकीबद्दल सांगते. लोक म्हणतात ती नकळत झालेली चूक होती. मी तरी किती दिवस तसंच म्हणत राहणार?

निवृत्तीच्या दोन वर्षं आधी मुख्याध्यापकांनी ठरवलं, यंदा ध्वजदिनाला तालुक्यातल्या सैनिकांच्या घरच्या बायांचा सत्कार करायचा. अक्काला मी स्वतः बोलावलं. सैनिकांच्या बायकांचा कार्यक्रम आहे, ये, एवढंच सांगितलं. ती खूश झाली. भाऊजी गेल्यापासून, म्हणजे ते दिसेनासे झाल्यापासून, तिला सैनिकाची बायको म्हणून कोणी बोलावलं नव्हतं. आदल्या दिवशी झेंडे घेऊन एक म्हातारे माजी सैनिक आले, आणि त्यांनी हुतात्म्यांची यादी माझ्या हातात दिली. सहा नावं होती. चौथं भाऊजींचं.

मी ते आदल्या दिवशीच पाहिलं होतं. हे मला लिहायलाच हवं, कारण अक्का जाईपर्यंत मी तिला हे सांगितलं नाही. यादी मी घरी आणली, स्वयंपाक करताना ओट्यावर ठेवली, चौथ्या नावाकडे चार वेळा बघितलं. पेन हातात होतं. खोडलं नाही. मनात आलं, सरकारनेच छापलंय, दगडावर कोरायलाही गेलंय, एकदाचं होऊन जाऊ दे. ती रडेल, आपण जवळ असू, आणि तो गडवा एकदाचा आत जाईल. माझ्या मते मी तिच्यावर उपकार करत होते.

दुसऱ्या दिवशी मैदानात ऊन कोवळं होतं. पहिल्या रांगेत तीन बाया खुर्च्यांवर. दोघींची कपाळं मोकळी, मधे अक्का, तिचं कुंकू लांबून दिसत होतं. छातीला झेंडा. मी इतिहास सांगितला, लाल फुलं, तीन रंग, सगळं. मग म्हणाले, आता आपल्या मातीतल्या हुतात्म्यांना वंदन करू, मी नाव घेईन, तुम्ही हात वर करून अमर रहे म्हणा. पहिलं नाव. सातशे पोरांचा आवाज. दुसरं. तिसरं. अक्काही बाकीच्यांबरोबर हात वर करत होती, मनापासून म्हणत होती. मग मी चौथं नाव घेतलं.

तिचा हात वर गेला. कानाला कळायच्या आधी हात गेला. तोंड उघडलं, "अमर" एवढं निघालंही. मग ती थांबली, आणि हात तसाच वर राहिला. खाली घ्यायचं तिला सुचेना. पाचवं नाव झालं, सहावं झालं, सगळ्यांचे हात वर गेले आणि खाली आले, तिचा वरच. शेवटी शेजारच्या बाईने तो धरून तिच्या मांडीवर ठेवला.

तिने रडारड केली नाही. साडी घेतली, नारळ घेतला, चहा घेतला. मी तिला जीपपर्यंत सोडायला गेले. वाटेत म्हणाले, "अक्का, कागद तर कधीचाच आलाय." ती नारळ काखेत धरून चालत राहिली. जीपमध्ये बसल्यावर मात्र माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "मी त्याले नाव घेऊन कधी हाक मारली नाई. तू मारली, तेबी माईकवर. आता थो आला तं माह्याकडं नाई येनार. तुह्याकडंच येईन."

त्या रात्री मला झोप लागली नाही, एवढंच.

आठ दिवसांनी न राहवून तिच्या गावी गेले. संध्याकाळ व्हायच्या बेतात होती. ओट्यावर गडवा भरलेला. मी हात टेकले. तिच्याशेजारी बसले आणि विचारलं, "तुला अजून वाटतं का ते जिवंत आहेत?"

"मले कुठी ठरवाचं हाय?" ती म्हणाली. "जिता असन तं त्याले तहान लागनच. मेला असन तरी लागनच. आखजीले आपन घागरी काहून भरतो मंग?"

आखजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे त्या दिवशी घरातल्या प्रत्येक गेलेल्या माणसाच्या नावाने मातीची लहान घागर भरतात. गव्हाच्या राशीवर घागर, तोंडावर डांगर म्हणजे खरबूज, आणि नाव घेऊन पाणी. भर उन्हाळ्यात मेलेल्यांना पाणी पोचवायचं. ज्याची घागर भरली तो गेला, हे घराने मान्य केलं. अक्काने सासऱ्याची भरली, सासूची भरली, भाऊजींची कधी नाही. आणि बिनघागरीचा मेलेला तहानेने वणवण फिरतो, असं आमच्या बाया मानतात. म्हणजे जिवंत असला तर घागरीने मारल्याचं पाप, मेला असला तर न भरल्याचं. दोन्हींतून तिने हा गडव्याचा मार्ग काढला होता. मी इतकी वर्षं त्याला भाबडेपणा म्हणत आले. लाज वाटली. त्या दिवशी मी मुक्काम केला, आणि सकाळी तिच्या आधी उठून गडव्यात बोट घातलं. पाणी दोन बोटं कमी होतं.

अक्का गेली त्याला आता दीड वर्ष झालं. साधा ताप म्हणून झोपली ती उठली नाही. निवृत्तीनंतर मी अमरावतीला राहायला आले होते, तिथून निघाले. वलगाव मागे पडेपर्यंत रडले आणि मग डोळे कोरडे झाले. पोचले तेव्हा आंघोळ घालून झाली होती आणि बाया माझीच वाट बघत थांबल्या होत्या. भाची अकोल्याहून आलेली, आईच्या पायाशी बसलेली. अक्काची थोरली जाऊ दारात उभी होती. ती मला म्हणाली, "मास्तरीनबाई, आता तुमीच सांगा. हिरवं नेसवाचं, मळवट भराचा, ओटी भराची? का साधं पांढरं? तिनं तं कुंकू ठेवलं. पन नाव तुमीच वाचलं व्हतं."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं. सवाष्ण गेली तर तिला नवरीसारखी नटवून पाठवतात, आणि नवरा आधी गेला असेल तर नाही. म्हणजे भाऊजी मेले की नाही, हे त्या दारात मी ठरवायचं होतं. अर्धं गाव ऐकत होतं. सत्तावीस वर्षं शिकवलेला इतिहास तिथे एका अक्षरानेही कामाला येत नव्हता.

"हिरवं," मी म्हणाले.

जावेने मान डोलावली, जणू तिलाही तेच हवं होतं. मी स्वतःच्या हाताने अक्काचा मळवट भरला. कुंकू कुठे सांडलं नाही. वाटलं, फिटलं. मैदानात मी तिचं जे पुसलं ते परत दिलं. खरं सांगते, त्या भयंकर दिवशीही मला बरं वाटलं होतं.

त्या दिवेलागणीला आत अक्काच्या जागी दिवा आणि पाण्याचा पेला ठेवला. मग भाची उठली, गडवा घासला, गोड्या पाण्याने भरला आणि ओट्यावर नेऊन ठेवला. चौदाव्या दिवशी ती अकोल्याला निघाली तेव्हा गडवा तिच्या पिशवीत होता.

गेल्या आखजीला तिने मला बोलावलं. बडनेऱ्याहून गाडी धरली, दुपारी अकोल्यात. ऊन असं की रिक्षाच्या दांडीला हात लावता येत नव्हता. तिच्या घरी पाटावर गहू मांडून ठेवला होता, त्यावर एकच घागर, आईची. डांगर, आंबे, चिंचवणी, सगळं तयार. आणि दाराशी, फ्लॅटच्या गुळगुळीत फरशीवर, तो गडवा. भर दुपारीच भरलेला.

"संध्याकाळी ठेवायचा ना तो?" मी विचारलं.

"ऊन लय हाय, मावशी," ती म्हणाली. "मी आता दुपारीबी भरतो, अन् सकाळीबी."

तेव्हा मी तिच्याकडे नीट पाहिलं. डोळ्यांखाली काळं झालेलं. जावई आतून म्हणाले, ही कुठे जातच नाही, आमच्याकडच्या तीन दिवसांच्या लग्नालाही आली नाही. ती गव्हावरून हात फिरवत बसली होती. मग हळूच म्हणाली, "मावशी, तुमी माय सवाष्ण गेली म्हनून सांगतलं. म्हंजे बाबा हायेत. आईनं वाट पाह्यली ते ठीक, थे बायको व्हती. मी किती दिवस पाहू? मले चेहराबी नीट आठवत नाई. पन घर सोडून गेलो, अन् तेवढ्यात आले तं?"

बहिणीला हिरवं नेसवून मी मोठं पुण्य केल्यासारखी वावरत होते, आणि ती वाट बघणं उचलून मी या पोरीच्या डोक्यावर ठेवलं होतं. एकदा मी त्यांना मारलं, ते अक्काच्या जिवावर. एकदा जिवंत केलं, ते हिच्या. दोन्ही वेळा कोणाला विचारलं नाही. आणि तिसऱ्यांदा ठरवायला आता माझ्याशिवाय कोणी उरलं नव्हतं.

"दुसरी घागर आहे का घरात?" मी विचारलं.

होती. बाजारात जोडी मिळते म्हणून जोडी आणली होती, आणि दुसरी ओट्याखाली लपवून ठेवली होती. ती काढताना तिचे हात मला दिसले. अक्काचेच हात. गव्हाची रास थोडी रुंद केली, आईच्या घागरीशेजारी दुसरी ठेवली. पाणी कुठलं घालायचं म्हणून ती माझ्याकडे बघू लागली. मी म्हणाले, "दाराशी आहे ते." तिने गडवा आत आणला. आम्ही दोघींनी मिळून तो धरला.

नाव घ्यायचं होतं. तिला ते घेता येईना, ओठ नुसते हलत राहिले. मग मीच घेतलं. दुसऱ्यांदा. माईक नव्हता, पोरं नव्हती, कोणी अमर रहे म्हटलं नाही. गडव्याचं पाणी घागरीत पडलं तेवढाच आवाज झाला. पोरगी रडली ती तिसरीतल्या मुलीसारखी, ओरडून, नाक गळेपर्यंत. तिने बावीस वर्षं थांबवून धरलं होतं ते. मी तिला रडू दिलं. जेवताना तिने चिंचवणी दोनदा मागून घेतली.

निघताना मी म्हणाले, गडवा मला दे. ती म्हणाली, "तुमाले कायले, मावशी?" मी म्हणाले, आईची आठवण. खोटं बोलले.

आता गेल्या सात डिसेंबरला जुन्या शाळेने पुन्हा बोलावलं होतं. गेले, इतिहास सांगितला. लाल फुलं, तीन रंग, मागे राहिलेली माणसं. तिथे थोडी थांबले, पोरांना वाटलं विसरले. मग यादी वाचली, सहाच्या सहा. चौथ्या नावाला सगळ्यांचे हात वर गेले, माझाही, आणि खालीही आला. पहिल्या रांगेत भाची बसली होती. पुढच्या आठवड्यात ती नवऱ्याबरोबर कुठेतरी समुद्र बघायला जाणार असल्याचं सांगत होती. मला फार बरं वाटलं.

घरी आले तेव्हा अंधार पडत आला होता. अमरावतीत मी दुसऱ्या मजल्यावर एकटी राहते. समोरच्या वहिनी एकदा विचारून गेल्या, दाराबाहेर पाणी कशाला ठेवता हो, पक्ष्यांसाठी असेल तर गच्चीत ठेवा. मी हो म्हणाले. त्यांना काय सांगू? कागद म्हणतो मेले, दगड म्हणतो मेले, घागरही भरून झाली. पण नाव घेऊन हाक मारली ती मी, आणि अक्का उगाच काही बोलणारी बाई नव्हती.

गडवा घासते, भरते, वर पेला पालथा घालते. आज सकाळी दोन बोटं कमी होतं.